नावाच्या ठरावातच देखभालीची ओळ लिहा

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि सर्व सन्माननीय सदस्य,
कोकण किनाऱ्यावरील नगरपरिषदा व नगरपंचायती

विषय : दिवंगत खेळाडूंच्या नावाने होणारे पादचारी पूल

सप्रेम नमस्कार.

खाडीवर किंवा वहाळावर पादचारी पूल बांधायचा आणि त्याला गावच्या कबड्डीपटूचं, खो-खोपटूचं, पोहणाऱ्याचं नाव द्यायचं, ही कल्पना आम्हाला मनापासून आवडते. मैदानाला दिलेलं नाव खेळायला जाणाऱ्यांपुरतं राहतं. पुलाचं नाव बाजाराला निघालेल्या बाईच्या, मासळीवालीच्या, शाळेच्या पोरांच्या तोंडी रोज येतं. खेळाडूची आठवण ठेवायला याहून चांगली जागा गावात क्वचितच असेल.

आम्ही पुलांच्या कामातली माणसं आहोत. कोणी आराखडे करतं, कोणी फॅब्रिकेशन, कोणी काँक्रीट ओततं, कोणी रंग मारतं. आमचं मागणं एकच आहे. पुलाला नाव देण्याचा ठराव आणि त्याच पुलाच्या देखभालीची तरतूद या दोन गोष्टी एका ठरावात, एकाच दिवशी मंजूर करा. नाव एकदाच द्यायचं असतं, त्यासाठी पैसे आणि उत्साह दोन्ही असतात. देखभाल मात्र किरकोळ दुरुस्तीच्या शीर्षाखाली जाते आणि तिथेच राहते. मग पुलाच्या गंजाचे तपकिरी ओघळ त्या खेळाडूच्या नावावरून वाहू लागतात. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराने रोज हे बघायचं, हे आम्हाला सहन होत नाही. पूल नावाशिवाय चालेल, पण नाव दिल्यावर त्याची हेळसांड चालणार नाही.

पुढे जे लिहितो आहोत ते सगळं याच एका मागणीसाठी आहे.

आधी खाऱ्या वाऱ्याबद्दल, कारण कोकणात पूल मरतो तो बहुतेक यानेच. पावसात पूल गंजतो असं सर्वसाधारण समजलं जातं. खरं तर जून ते सप्टेंबरचा पाऊस पुलाच्या वरच्या अंगावरचं मीठ धुऊन काढतो. मीठ साचतं ते नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत, आणि सर्वांत जास्त साचतं पुलाच्या पोटाला, जिथे पाऊस पोचतच नाही. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे दिसायला कोरडं असलेलं लोखंडही रात्रभर ओलंच असतं. म्हणून गंज पहिल्यांदा खालच्या बाजूला, तुळयांच्या खालच्या पट्टीवर आणि आडव्या अँगलच्या आतल्या कोपऱ्यात दिसतो. रंगारी मात्र वरचा कठडा चकाचक करून जातो, कारण उद्घाटनाला किंवा पाहणीला येणारा माणूस तेवढंच बघतो. पाहणी करायची तर ओहोटीला होडीतून पुलाखाली जाऊन, हातात बॅटरी घेऊन करा.

यावरचा उपाय स्वस्त आहे, तरीही तो फारसा कुणी करत नाही. पूल गोड्या पाण्याने धुवायचा. डिसेंबरात, फेब्रुवारीत आणि एप्रिलच्या शेवटी, असा वर्षातून तीनदा. २४ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद लोखंडी पुलाला एका वेळी साधारण दोन ते अडीच हजार लिटर पाणी लागतं. नगरपरिषदेच्या अग्निशमन बंबाने हे काम काही तासांत होतं. फक्त नळीचा दाब बेताचा ठेवायचा, नाहीतर सुटत आलेला रंग त्याबरोबर उडतो. पाणी पोटाच्या बाजूने मारायचं. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका.

आता जस्ताचा लेप, म्हणजे गॅल्व्हनायझिंग. ५ मिलिमीटर आणि त्याहून जाड लोखंडावर भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त बसायला हवं, म्हणजे साधारण ८५ मायक्रॉनचा थर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). समुद्राच्या अगदी तोंडावरच्या हवेत जस्त वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन झिजतं. हिशेब सरळ आहे, नुसत्या लेपावर पूल दहा ते वीस वर्षं निघेल. त्यावर रंगाची प्रणाली दिली तर आयुष्य बरंच वाढतं. पण बाजारात मिळणाऱ्या चकचकीत बोल्टांवर विजेने चढवलेलं जस्त असतं, ते जेमतेम ५ ते १२ मायक्रॉन. ते एक-दोन वर्षांत संपतं. पूल शाबूत आणि बोल्ट लाल झालेले, असं चित्र दिसतं ते यामुळे. निविदेत ‘गरम जस्तात बुडवलेले बोल्ट, नट आणि वॉशर’ हे शब्द स्पष्ट लिहा आणि माल आल्यावर मायक्रॉन मोजणारं छोटं यंत्र लावून खात्री करा.

कठड्याला स्टेनलेस स्टील लावण्याची हौस सगळीकडे आहे. ३०४ दर्जाचं स्टील किनाऱ्यावर चहासारखे डाग धरतं. ३१६ दर्जात सुमारे दोन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते टिकतं, तरी तेही धुवावं लागतं. दोन्ही दिसायला सारखीच, त्यामुळे फसवणूक सोपी. कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र मागा. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला साधे जस्ताचे बोल्ट कधीही लावू नका. खाऱ्या ओलाव्यात दोन धातू भिडले की कमी दर्जाचा धातू झिजतो, आणि तो लहान असेल तर फार लवकर झिजतो. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि बोल्टाभोवती नायलॉनची बाही (स्लीव्ह) घातली की हा त्रास टळतो.

पोकळ पाइपचे कठडे आतून कुजतात. टोकं नीट बंद केलेली नसतात, आत ओल जाते, बाहेर यायला वाट नसते. बाहेरून रंग ठीक दिसतो आणि एके दिवशी कोणी टेकतो तेव्हा पाइप वाकतो. प्रत्येक उभ्या पाइपच्या तळाशी १० ते १२ मिलिमीटरचं भोक हवं, तेही जस्तात बुडवण्याच्या आधी पाडलेलं. पाइप काँक्रीटमध्ये थेट रोवू नका. जिथे तो काँक्रीटमधून बाहेर येतो तिथे कडं धरल्यासारखा गंज लागतो. खाली जाड पट्टी, चार बोल्ट आणि पट्टीखाली उतार दिलेलं ग्राउट (फट भरायचं सिमेंटचं कालवण), असं करा. वेल्डिंग तुटक नको, सलग हवं. तुटक वेल्डच्या फटीत मीठ शिरतं आणि तिथे ब्रश पोचत नाही.

रंगाच्या बाबतीत एवढंच सांगतो की डबा महाग असून उपयोग नाही, तयारी हवी. रेती किंवा ग्रिट मारून धातू जवळजवळ पांढरा करायचा, धारदार कडा दोन मिलिमीटर गोल करायच्या (धारेवर रंग नेहमी पातळ बसतो), कडा-कोपऱ्यांवर आधी ब्रशने एक हात द्यायचा. मग झिंक इपॉक्सी, त्यावर इपॉक्सीचे दोन थर, शेवटी उन्हाला टिकणारा पॉलियुरेथेन. एकूण थर ३०० मायक्रॉनच्या आसपास भरला पाहिजे. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी काम बंद. आपल्याकडे याला योग्य काळ डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दव सुकल्यानंतर. मे महिन्यात घाईने मारलेला रंग गणपतीपर्यंत पापुद्रे सोडतो. दोष डब्याचा नसतो, त्या दमट हवेचा आणि घाईचा असतो.

खांबांच्या काँक्रीटबद्दल भारतीय मानक ४५६ मध्ये सगळं स्पष्ट आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खांबाला किमान एम-४० दर्जा (‘एम’पुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो), पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० पेक्षा जास्त नाही, घनमीटरला किमान ३६० किलो सिमेंट आणि सळईवर काँक्रीटचं ७५ मिलिमीटरचं आवरण. लाटांचे तुषार उडतात त्या भागाला एम-३५ आणि ५० मिलिमीटर. हे आवरण कागदावर असतं, जागेवर हरवतं, कारण सळईखाली ठेवायला ठोकळे नसले की चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, तुकडे ठेवले जातात. जांभा सच्छिद्र असतो, खारं पाणी त्यातून थेट सळईपर्यंत जातं. ठोकळे त्याच दर्जाच्या काँक्रीटचे करून आधी मुरवून ठेवा. बांधणीच्या तारेची टोकं आत वळवा, बाहेर आलेल्या टोकापासूनच गंजाचा पहिला डाग सुरू होतो. आणि खाडीची न धुतलेली वाळू किंवा खारं पाणी कालवणात कुठल्याही कारणाने नको.

पुलाची उंची ठरवताना जुन्या माणसांना विचारा आणि २२ जुलै २०२१ च्या पुराच्या खुणा अजून भिंतींवर आहेत तिथे त्या मोजा. चिपळूणला त्या दिवशी काय झालं ते साऱ्यांनी पाहिलं. पूर आणि उधाण एकत्र आलं की खाडीला पाणी सोडायला जागा राहत नाही, आणि वाहून येणारे ओंडके पुलाच्या पोटावर आदळतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पडला तेव्हाही नदीला पूर होता. प्रत्येक मोठ्या पुरानंतर खांबांच्या पायाशी माती खरवडली गेली आहे का हे बघणं, हे काम रंगापेक्षाही वरचं. सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र), मेरीटाईम बोर्ड आणि कांदळवनाच्या परवानग्या आपल्याला ठाऊक आहेतच, त्यावर वेळ घालवत नाही.

आपल्याकडच्या पुलांना एक भार असा येतो जो इतरत्र येत नाही. शिमग्यात पालखी नाचवतात. रस्ते-पुलांच्या संहितेत पदपथाला चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात, आणि जिथे यात्रा-जत्रेची गर्दी होते तिथे ५०० किलो. आपण ५००च धरा. २४ बाय अडीच मीटरच्या पुलावर तो ३० टन होतो. पण नुसतं वजन पुरेसं नाही. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. पुलाचा स्वतःचा कंप त्याच्या जवळपास असेल तर पूल हलायला लागतो, आणि ढोलाच्या ठेक्यावर सगळे एकदम उडी मारत असतील तर फारच. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी उघडला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला, कारण चालणाऱ्यांच्या पावलांनी तो आडवा डोलू लागला. तो पुन्हा सुरू झाला २००२ मध्ये. पुलाचा उभा कंप सेकंदाला ५ वेळांच्या वर ठेवा, म्हणजे तुळई थोडी खोल घ्यावी लागेल. सडपातळ पूल फोटोत सुंदर दिसतो, पण पालखी थांबवणं कोणाला जमणार नाही. आराखडा करणाऱ्याला हा आकडा लेखी विचारा.

उन्हाने पूल लांबतो तेही ध्यानात घ्या. २४ मीटर पोलाद ३० अंशांच्या फरकाने सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढतं. त्यासाठी टोकाला ठेवलेली फट नंतर कोणीतरी ‘चप्पल अडकते’ म्हणून पत्रा वेल्ड करून बंद करतं. मग ताण दुसरीकडे जातो, भिंतीला तडा जातो किंवा पुलाचं टोक ज्यावर टेकतं ते बेअरिंग सरकतं. फटीवर सरकता पत्रा लावा, एका बाजूनेच पक्का केलेला.

पुलावर पाय ठेवायच्या जागी नक्षीदार पत्रा घालू नका. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, नक्षी झिजली की तो कातळासारखा बुळबुळीत होतो. वर खरखरीत थर दिलेली फायबरची जाळी किंवा ५० ला १ असा उतार दिलेलं खरखरीत काँक्रीट, दोन्ही चालतील. आमची पसंती जाळीला, कारण ती गंजत नाही, खालचं लोखंड वाऱ्याने सुकतं आणि एखादा तुकडा बदलणं सोपं जातं. तिची भोकं इतकी बारीक हवीत की काठीचं टोक अडकणार नाही.

आता चढण. कबड्डी खेळलेल्या माणसांचे गुडघे उतारवयात काय म्हणतात हे कोकणात कोणाला सांगायला नको. ज्या खेळाडूच्या नावाचा पूल, त्याच्या बरोबरीने खेळलेल्यांना तो चढता आला नाही तर ते नाव पोकळ आहे. उतार १२ ला १ पेक्षा तीव्र नको, आणि दर ७५० मिलिमीटर चढावाला सपाट थांबा. काठापासून दीड मीटर वर जायचं असेल तर ९ मीटरचे दोन उतार आणि मध्ये दीड मीटरचा थांबा, म्हणजे साडेएकोणीस मीटर जागा लागते. ती जागा सुरुवातीलाच राखून ठेवा, नंतर तिथे टपऱ्या बसतात. हाताला धरायला दोन दांड्या, ७६० आणि ९०० मिलिमीटरवर. जिने असतील तर पायरी १५० मिलिमीटर उंच, ३०० खोल, आणि सगळ्या पायऱ्या एकसारख्या. शेवटची पायरी वेगळ्या उंचीची राहिली की माणसं तिथेच पडतात. कठडा १.१ मीटर उंच, उभ्या सळ्यांमधली जागा १०० मिलिमीटरपेक्षा कमी. आडव्या सळ्यांवर पोरं चढतात, त्या नकोतच.

दुचाकींचं मात्र सोपं उत्तर आमच्याकडे नाही. तोंडाशी १२०० मिलिमीटर अंतरावर खुंट लावले की व्हीलचेअर जाते आणि मोटार, रिक्षा अडतात. स्कूटर अडत नाही. स्कूटर अडेल इतकं अंतर कमी केलं तर व्हीलचेअर अडते. पुलाला स्कूटरचं वजन जड नाही, धोका चालणाऱ्यांना आहे. पहिल्या महिन्यातच तिथे माणूस उभा करून शिस्त लावणं, एवढंच आम्हाला खरोखर परिणामकारक वाटतं.

उद्घाटनानंतर पुलावर ज्या गोष्टी लटकतात त्यांनी आयुष्य घटतं. पाण्याची पाइपलाइन गळते आणि एकाच जागी कायम ओल ठेवते. केबल टाकणारे कंस वेल्ड करतात, त्या जागचं जस्त जळतं आणि गंज तिथून पसरतो. वाढदिवसाचे फ्लेक्स कठड्याला बांधले की वारा त्यांना शिडासारखं ओढतो. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आणि पुढच्या मे महिन्यातलं तौक्ते आठवा. शिवाय फ्लेक्सखाली त्या खेळाडूचं नाव झाकलं जातं. ठरावात सरळ बंदी घाला. पाइप-केबल न्यायचीच असेल तर आराखड्यातच वेगळी वाहिनी ठेवा.

राहिलं नाव. यावर सर्वांत जास्त भांडणं होतात आणि सर्वांत कमी तपासणी होते.

दगड काळा ग्रॅनाइट, किमान २० मिलिमीटर जाड, अक्षरं ३ मिलिमीटर खोल कोरलेली. संगमरवर किनाऱ्यावर खडबडीत होतो, कोरीव अक्षरांतला रंग उडाला की वाचता येत नाही. चिकटवलेली विनाइलची अक्षरं दोन पावसाळ्यांत कोपरे सोडतात. पंधरा मीटरवरून वाचायचं तर अक्षराची उंची १२५ ते १५० मिलिमीटर हवी, आणि देवनागरीत ही उंची वेलांटी, मात्रा आणि खालचे उकार सोडून मोजायची. छापखाने सगळं धरून मोजतात आणि नाव बारीक होतं. फलक पुलाच्या तुळईला भोक पाडून बसवू नका. काठावरच्या वेगळ्या खांबावर बसवा, दोन्ही टोकांना. नाव किंवा चेहरा पायाखाली येईल अशी फरशी चुकूनही करू नका. खेळाडूचं नाव सर्वांत मोठं आणि एकटं असावं. पदाधिकाऱ्यांची नावं वेगळ्या दगडावर, तिसऱ्या हिश्श्याएवढ्या अक्षरांत.

मजकूर कोरण्याआधी घरच्यांकडून आणि संघाच्या जुन्या वह्यांतून पडताळा. आकडा कशाचा हे लिहिलं नाही तर खरा आकडाही खोटा होतो. क्रिकेटपटू पालवणकर बाळूंचं उदाहरण घ्या. आडनाव कोकणातल्या पालवण गावाचं, जन्म धारवाडचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, पण ते दौऱ्यातल्या सगळ्या सामन्यांचे. त्यांतले प्रथम श्रेणी सामन्यांतले ७५. दोन्ही आकडे थोर आहेत, दगडावर मात्र योग्य शब्दासह गेले पाहिजेत. कबड्डीत तर हा घोळ नेहमीचा. आशियाई क्रीडा स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून कबड्डी आली १९९० मध्ये, बीजिंगला. आशियाई कबड्डी अजिंक्यपद ही वेगळी स्पर्धा, ती १९८० पासूनची. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो, त्याआधीच्या सालाचा अर्जुन पुरस्कार असणं शक्य नाही. गावातल्या मंडळाने दिलेला चषक आणि राज्य शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार यांत फरक ठेवा. जिल्हा पातळीवर खेळलेल्या माणसाला राष्ट्रीय खेळाडू केल्याने त्याचा मान वाढत नाही. त्याच्या बरोबरीचे अजून हयात असतात, ते वाचतात आणि गप्प बसतात. उलट ‘डावा कोपरा, अमुक संघ, अमुक ते अमुक साल’ एवढं खरं लिहिलं तर जाणकार माणूस तिथे थांबतो.

ठरावाचा मसुदा आम्ही सोबत देत आहोत. आपल्या सोयीने शब्द बदला, पण एकही कलम गाळू नका अशी विनंती आहे.

‘सदर पादचारी पुलास कै. ______ यांचे नाव देण्यात येत आहे. पुलाच्या बांधकाम खर्चाच्या किमान दीड टक्का रक्कम दरवर्षी याच पुलाच्या देखभालीसाठी स्वतंत्र शीर्षाखाली ठेवण्यात येईल व ती अन्यत्र वळवता येणार नाही. डिसेंबर, फेब्रुवारी व एप्रिलमध्ये पूल गोड्या पाण्याने खालून-वरून धुण्यात येईल. मे व ऑक्टोबरमध्ये बोल्ट, वेल्ड, बेअरिंग, सांध्याची फट, पाणी जाण्याची भोके व खांबांचा पाया यांची पाहणी होऊन नोंदवहीत तारीख, छायाचित्र व सही राहील. नोंदवही कोणाही नागरिकास पाहता येईल. दर पाच वर्षांनी संरचनात्मक तपासणी करण्यात येईल. पुलावर फ्लेक्स, तसेच आराखड्यातील वाहिनीबाहेर केबल अथवा पाइप लावण्यास मनाई राहील. नामफलकाचा मजकूर कुटुंबीयांच्या लेखी संमतीनंतरच कोरण्यात येईल.’

दीड टक्का हा आमच्या कामाच्या अंदाजाचा आकडा आहे. खाडीच्या आत, वाऱ्यापासून आडोशाला असलेल्या पुलाला एक टक्काही पुरेल. समुद्राच्या तोंडावर तो कमी करू नका.

आपले,
कोकणातल्या पुलांच्या कामावरचे काही अभियंते, फॅब्रिकेटर, गवंडी आणि रंगारी